माणशी अर्धा एकर

कऱ्हा नदी पांडवांच्या खोडीतून निघाली, असं आमच्या पुरंदर तालुक्यातली म्हातारी माणसं सांगतात. गराड्याच्या वरच्या डोंगरात ब्रह्मदेव तपाला बसले होते. पांडवांना पाणी हवं होतं, देव काही डोळे उघडेनात. मग त्यांनी कमंडलूच कलंडवला आणि पाणी उगवतीकडं धावत सुटलं. गोष्ट इथवर आली की माझे आजोबा, ज्यांना आम्ही तात्या म्हणत असू, एक वाक्य पदरचं घालत : "कमंडलूच त्यो. त्यात पानी आसून आसून किती आसनार?"

पुढं शाळेत पर्जन्यछायेचा धडा आला, तेव्हा मला त्यात नवं काही वाटलं नाही. तालुक्याच्या पश्चिमेला, पुरंदर किल्ल्याच्या अंगाला, पाऊस डोंगरावर आपटून बऱ्यापैकी सांडतो. सासवड मागं टाकून जेजुरीकडं निघालं की तो हात आखडता घेतो, आणि मोरगावच्या बाजूला वर्षाकाठी चार-पाचशे मिलिमीटरवर भागवावं लागतं. कऱ्हा याच वाटेनं जाते आणि बारामतीच्या पुढं सोनगावला नीरेत मिळते. आचार्य अत्र्यांनी आपल्या आत्मचरित्राला ‘कऱ्हेचे पाणी’ हे नाव दिलं म्हणून महाराष्ट्राला ती ठाऊक आहे. पण त्या ग्रंथाचे जितके खंड निघाले, तितके महिने तरी ती सलग वाहते का, हे विचारू नये.

तालुक्याच्या दक्षिणेला नीरा. तिच्या खोऱ्यात इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस भाटघरचं धरण बांधलं, डावा कालवा काढला, आणि कालव्याखालच्या रानांत ऊस उभा राहिला. मग गूळ, मग साखर कारखाने. कऱ्हाकाठी मात्र बाजरी, हुलगा, मटकी. नीरेकाठची पोरगी कऱ्हेकाठी द्यायला लोक का-कू करीत. आमची आजी नीरेकडची. घरात भांडण झालं की "आमच्याकडं पाटाला पानी होतं" हे तिचं शेवटचं अस्त्र असे, आणि त्याला तात्यांकडं उत्तर नसे.

तात्यांच्या लहानपणी नदी मार्गशीर्षापर्यंत वाहायची. त्यानंतर पाणी दिसायचं बंद व्हायचं, पण संपायचं नाही. पात्रातल्या वाळूत हातभर, फार तर कंबरेइतकं खणलं की झिरा लागायचा. बायका पहाटेच्या अंधारात जाऊन बसायच्या. झिरा भरून येईपर्यंत थांबायचं, मग करवंटीनं एकेक करून हंडा भरायचा. त्या पाण्याची चव तात्या जन्मभर सांगत राहिले. वाळू ही नदीची कोठीच असते. दोन कणांमधल्या पोकळीत पाणी राहतं, वरून ऊन पोचत नाही, वाफ होऊन फारसं जात नाही, आणि काठावरच्या विहिरींना आतल्या आत पाझर मिळत राहतो. पुढं सासवडात आणि पुण्यात सिमेंटची घरं उठायला लागली तशी वाळू ट्रकांतून गेली. खाली उरला काळा कातळ आणि वर वेडी बाभूळ. कातळात झिरा कुणी काढायचा?

झिऱ्यांचे नियम होते. गुरं वरच्या अंगाला न्यायची नाहीत, धुणं खालच्या अंगाला. झिरा ज्यानं काढला त्यानं तो आपला म्हणायचा नाही. तात्या हे अभिमानानं सांगत, आणि ऐकताना वाटे, काय शहाणी माणसं होती! पण या गोष्टीची दुसरी बाजू तात्यांनी कधी सांगितली नाही. ती मला ओढ्यापलीकडच्या वस्तीतल्या एका आजींनी सांगितली. त्यांच्या लोकांचा झिरा सगळ्यांच्या खाली असायचा. वरची गुरं, वरचं धुणं, मग यांचं पिणं. सुगीत भरपूर पाणी असतानाही जागा तीच. म्हाताऱ्यांच्या गोष्टींतून इतिहास काढायचा तर एका ओट्यावर बसून भागत नाही, गावचे सगळे ओटे फिरावे लागतात.

आता बहात्तरचं. आमच्याकडं ‘बहात्तर’ एवढंच म्हणतात, पुढं ‘चा दुष्काळ’ लावत नाहीत. आधीची दोन वर्षंही रडतखडतच गेली होती. बहात्तरला पावसानं पाठच फिरवली. माझी थोरली आत्या नायगावच्या अंगाला एका गावात दिली होती. लग्नाला वर्ष झालेलं, आणि नव्या नवरीच्या हातात सासरनं हातोडी दिली. दुष्काळी कामावर खडी फोडायची. बोटं ठेचू नयेत म्हणून सायकलच्या फाटक्या ट्यूबचे तुकडे बोटांना गुंडाळायचे. सुकडी मिळायची, आणि रेशनवर तांबडा मिलो. "भाकरी थापताना हाताला चिकटायची न्हाई, खाताना घशाला चिकटायची," हे आत्याचं मिलोवरचं मत. काँग्रेस गवतही त्या मिलोबरोबर आलं, असं ती आणि तिच्या वयाची सगळी माणसं शपथेवर सांगतात. ते मात्र खरं नाही. पुण्यात ते गवत १९५० च्या दशकातच नोंदलं गेलं होतं. पण दुष्काळात परक्याचं धान्य खावं लागल्याचा राग कुठंतरी निघणारच. तो गवतावर निघाला.

सरकारनं काम दिलं आणि माणसं जगली, हे कुणी नाकारत नाही. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या रोजगार हमीचा पुढं १९७७ साली कायदा झाला, तो याच अनुभवावर. पण आत्याच्या सांगण्यात एक बोच आहे. वर्षभर फोडलेल्या खडीचे ढीग रस्त्याकडंला तसेच पडून राहिले. डोंगर फोडला, घाम गाळला, आणि पुढच्या उन्हाळ्याला पाण्याची तजवीज काय? काहीच नाही.

हाच प्रश्न घेऊन त्या काळात पुण्याचे एक कारखानदार तालुक्यात हिंडत होते. विलासराव साळुंखे. शिक्षणानं अभियंता, धंद्यानं अचूक मापाची उपकरणं बनवणारे. राबायला एवढे हात तयार आहेत तर ते खडीला कशाला, ताली आणि पाझर तलावाला का नकोत, असं त्यांचं म्हणणं. दुष्काळ सरल्यावर बाकीचे पाहुणे परत गेले, हे गेले नाहीत. नायगावात देवस्थानची चाळीस एकर पडीक जमीन त्यांनी पन्नास वर्षांच्या करारानं घेतली. कुसळीशिवाय तिथं काही उगवत नव्हतं. लोक म्हणाले, पैसा जास्त झालाय.

तिथं काय केलं ते आत्या हातानं दाखवते : पंजा उताणा धरायचा, बोटांची टोकं म्हणजे डोंगराचा माथा आणि मनगट म्हणजे ओढा. माथ्यावर झाडं आणि गवत. त्याखाली उताराला आडव्या ताली, म्हणजे पाणी पळत सुटायच्या आत अडायचं आणि माती तिथंच बसायची. तळाला पाझर तलाव. तलावाचं पाणी थेट शेताला द्यायचं नाही; तलावाच्या खालच्या अंगाला विहीर, तिच्यात ते मुरमातून पाझरून येणार. आणि विहिरीतून पंपानं पुन्हा वर, शेताकडं. आमच्याकडं खाली सगळा काळा पाषाण. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि दगडाच्या भेगांत. तेव्हा जे काही जिरवायचं ते या थोड्या जाडीतच जिरवावं लागतं.

हे झालं पाणी अडवण्याचं. त्यात अवघड काही नव्हतं, पैसा आणि हात असले की होतं. खरी वादावादी झाली ती पाणी वाटण्यावरून. साळुंख्यांच्या ग्रामगौरव प्रतिष्ठानानं गावागावांत पाणी पंचायती उभ्या करायला घेतल्या, आणि त्यांचे नियम ऐकून लोकांना घाम फुटला. पाणी जमिनीवर नाही, माणसावर मिळणार. माणशी अर्ध्या एकराचं, आणि एका कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. वीस एकरवाला असो की तीन एकरवाला, घरात पाच माणसं तर अडीच एकर. जमीन विकली तर पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जाणार नाही. ज्याला जमीनच नाही त्यालाही पाण्याचा वाटा. त्यानं तो दुसऱ्याच्या रानात वाट्यानं पीक करून वापरावा. खर्चाचा पाचवा हिस्सा सभासदांनी घालायचा. आणि ऊस लावायचा नाही. अजिबात नाही.

आत्याच्या गावातली पहिली बैठक म्हणे मध्यरात्रीपर्यंत चालली. पाळण्यातलं पोर माणसात धरायचं का? मुंबईला गिरणीत असलेला दीर धरायचा का? सहा महिन्यांनी लग्न होऊन जाणारी पोर धरायची, की तिचा अर्धा एकर सासरी मोजायचा? आत्याच्या सासूबाईंनी पोटुशा सुनेकडं बोट दाखवून "हितलं बी धरा" म्हटल्यावर बैठक हसून मोडली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा भरली. बागायतीचं स्वप्न पाहणारे दोन मोठे खातेदार उठून गेले ते परत आले नाहीत. भूमिहीन घरातला एक गडी मात्र काहीच बोलला नव्हता. ‘तुझी माणसं किती’ म्हणून त्याला विचारलं, तेव्हा आपल्याला का विचारतायत हेच त्याला कळेना. झिऱ्यावर सगळ्यात खाली ज्यांची जागा असे, त्यांच्यातला तो होता. आत्या ही हकिकत सांगताना त्या गड्याचा चेहरा करून दाखवते. तात्यांच्या झिऱ्यांचे नियम मला आवडतात, पण शहाणपण म्हणायचं तर या बैठकीला म्हणावं लागेल. जुन्या रीतीत पाणी सगळ्यांना होतं, हक्क सगळ्यांना नव्हता.

सगळ्याच योजना टिकल्या नाहीत. कुठं वीजबिल थकलं, कुठं भाऊबंदकी आडवी आली, कुठं मोठ्या धरणाच्या आश्वासनावर लोक विसंबले. २००२ साली साळुंखे गेले. तोवर घरोघरी बोअर आले होते, आणि बोअरला पाटकरी लागत नाही, बैठक लागत नाही, ‘माणसं किती’ असं कुणी विचारत नाही. बटण दाबलं की आपलं पाणी आपल्या रानात. अलीकडं पुरंदर उपसा योजनेतून मुळा-मुठेचं पाणी डोंगर चढवून आमच्याकडं आणतात. म्हणजे पुणेकरांनी वापरून सोडलेलं. नीरेकडच्या आजीला हे ऐकायला मिळालं नाही ते एका परीनं बरंच झालं. ती काय बोलली असती याची कल्पना करवत नाही.

आत्याच्या गावच्या जिल्हा परिषद शाळेत चौथी-पाचवीला परिसर अभ्यास शिकवणाऱ्या बाई आहेत. पुस्तकातलं पाणलोट क्षेत्राचं चित्र मुलांना कळेना, म्हणून त्यांनी वर्ग उठवला आणि शिवारफेरीला नेला : शाळेपासून ओढ्यानं वर, थेट माथ्यापर्यंत. वाट दाखवायला आत्या. सत्तरीच्या घरातली ही बाई पायात रबरी चपला घालून पोरांच्या पुढं चालत होती. मी सुट्टीला गेलेलो, मागून निघालो.

बाईंनी तेलाचे दोन पत्र्याचे डबे आडवे कापून आणले होते. एकात नुसती मुरमाड माती, दुसऱ्यात गवतासकट उचललेला मातीचा थर. दोन्ही दगडावर तिरके ठेवले, खाली काचेच्या बरण्या, आणि दोन पोरांनी एकाच वेळी तांब्या-तांब्या पाणी ओतलं. पहिल्या डब्यातून चहाच्या रंगाचं पाणी भसकन बरणीत आलं. दुसऱ्यातून काही येईचना. मग थेंब, मग बारीक धार, तीही जवळजवळ निवळ, आणि बरणी काही भरली नाही. पोरांच्या मते दुसऱ्या डब्यानं लबाडी केली होती. एकानं गवताच्या मुळांत बोटं खुपसली आणि ओरडला, "बाई, हितं लपलंय!" ‘पाणी अडवा, पाणी जिरवा’ ही पाटी शाळेच्या भिंतीवर कित्येक वर्षं आहे. तिच्याकडं त्या पोरांतलं एकही मान वर करून बघत नाही.

वरच्या टप्प्यावर गवतात एक आडवी दगडांची ओळ निघाली. आत्या थांबली. "ही बहात्तरची. ह्यातली निम्मी धोंडं माझ्या डोक्यावरनं आलीत." तिच्या दुष्काळी कामातले शेवटचे दोन-तीन महिने तालीवर गेले होते, एवढं मला माहीत होतं, ताल अजून आहे हे माहीत नव्हतं. बाईंनी पोरांना ओळीच्या वरच्या आणि खालच्या अंगाला खणायला लावलं. खाली वीतभर खणल्यावर खुरपं मुरमावर वाजलं. वर एका पोरानं कोपरापर्यंत हात घातला तरी मातीच. पन्नास वर्षांत उतारावरून आलेली माती त्या दगडांनी धरून ठेवली होती. पोरांनी पट्ट्या लावून मोजलं, वहीत लिहिलं. आणि जरा पुढं, जिथं कुणीतरी प्लॉट पाडण्यासाठी जेसीबीनं रस्ता काढला होता, तिथं ताल फुटलेली होती. खाली हात-हात खोल घळ पडली होती. तिचीही खोली लिहून घेतली गेली. बाईंनी त्यावर भाषण केलं नाही, हे मला फार आवडलं.

मग ए-फ्रेम. दोन काठ्या वर एकत्र बांधायच्या, मध्ये एक आडवी काठी, आणि वरून दोरीला दगड. दोरी मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. गवंडी ओळंबा लावतो त्यातलाच प्रकार. एक पाय रोवायचा, दुसरा फिरवायचा, खूण करायची, फक्की टाकायची. अशी समपातळीची रेघ डोंगरावरून वळसे घेत निघते, आणि तिच्यावर चर खणायचा. "आमच्या टायमाला ओव्हरशेर दुर्बिणीतनं बघायचा," आत्या म्हणाली, आणि पोरांची एक खूण चार बोटं खाली पडलीय असं तिनं नजरेनंच ठरवून टाकलं. पोरांनी पुन्हा लावून पाहिलं. दोरी मधोमध. पुन्हा लावलं, पुन्हा मधोमध. "मग दोरीचं ऐका," म्हणून ती खाली बसली आणि पानाची चंची सोडली.

माथ्यावर पोचल्यावर खालचा सगळा पट दिसतो : आपला ओढा, तो मिळतो ती कऱ्हा, लांब जेजुरीचा गड, आणि पाऊस बरा असेल तर नाझऱ्याच्या धरणाची चकाकी. तिथं एका मुलीनं विचारलं, "बाई, आपुन सगळं पानी हितंच आडवलं, तर मोरगावच्या लोकांनी काय करायचं?"

या प्रश्नावर मोठमोठ्या बैठका मोडलेल्या आहेत. खालच्या धरणात पाणी येईना की वरच्या बंधाऱ्यांकडं बोट जातं. मला वाटतं ते बोट चुकीच्या जागी जातं. तालीनं आणि चरानं थांबलेलं पाणी नाहीसं होत नाही; मुरमातून उतरत उतरत ते कार्तिकात, मार्गशीर्षात ओढ्याला आणि नदीला येतं. पूर्वी कऱ्हा मार्गशीर्षापर्यंत वाहायची ती याच पाझरावर. ते वाटेतच संपतं, कारण पाचशे-सहाशे फुटांचे बोअर ते उपसून घेतात. वरच्यांनी अडवलं म्हणून खालच्यांचं कमी झालं नाही, वरच्यांनी उपसलं म्हणून झालं. आणि उलटही दिवस येतात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री याच डोंगरांवर ढगफुटीसारखा पाऊस कोसळला. कऱ्हेला असा लोंढा आला की नाझऱ्यातून प्रचंड विसर्ग सोडावा लागला आणि बारामतीपर्यंत नदीकाठची हजारो माणसं रातोरात हलवावी लागली. माणसं, गुरं, वाहनं गेली. तात्या असते तर कमंडलूबद्दलचं वाक्य त्यांना मागं घ्यावं लागलं असतं. डोंगर बोडका असला की पाणी बरणीत भसकन येतं, हे त्या रात्री सगळ्या खोऱ्यानं पाहिलं.

शाळेच्या आवारात आता पर्जन्यमापक आहे. रोज सकाळी आठला पोरं माप घेतात. एक मिलिमीटर पाऊस एका हेक्टरवर पडला तर दहा हजार लिटर पाणी होतं, हे बाईंनी त्यांना गणितात शिकवलं. आणि दहा हजार लिटर म्हणजे उन्हाळ्यात गावात येणारा एक टँकर, हे पोरांनी स्वतः ताडलं. तेव्हापासून त्यांचं माप टँकर. बाजरी काढायला हेक्टरी साधारण चारशे टँकर लागतात, उसाला दोन हजारांच्या वर. हिवरे बाजार या गावानं पाऊस मोजून, पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडून, त्यावरून पिकं ठरवायची रीत घालून दिली, आणि शेतीसाठी बोअर बंद केले. ते ऐकून बाईंनी आमच्या पोरांचा टँकरांचा तक्ता ग्रामसभेत लावायचं ठरवलं.

मी त्या सभेला हजर होतो. तक्ता लावला, लोकांनी कौतुक केलं, पोरांना बिस्किटं वाटली, आणि नेहमीप्रमाणे पुढच्या विषयाकडं वळायची घाई झाली. तेवढ्यात एक जण उठला. अंजिराची बाग आहे, सीताफळ आहे, यंदा दीड एकर ऊस लावलाय. म्हणाला, हे पोरांचं ठीक आहे, पण तिसरा बोअर घेतोय, ओढ्याकाठी, कुणाची हरकत नसावी. सरपंच कागद चाळायला लागले.

आत्या बायकांच्या बाजूला बसली होती. ती बसल्या जागेवरूनच म्हणाली, "आरं, घरात माणसं किती तुझ्या?"

"त्येचा काय संबंध, आत्या?"

"किती ते सांग."

"चार."

"मंग दोन एकराचं झालं तुझं. बाकीचं कुनाचं उपसतोस?"

माणूस तापला. पाणी पंचायत केव्हाच बुडाली म्हणाला, जमीन माझ्या बापाची म्हणाला. मागून कुणीतरी ओरडलं की त्याच्या दुसऱ्या बोअरनंतर आपली विहीर आटली. दोघं बाह्या सरसावून पुढं आले. सरपंचांनी सभा तहकूब केली आणि पुढची तारीख फळ्यावर लिहिली. त्या तारखेला यायचं तर माझी सुट्टी उरलेली नव्हती. मी रजेचा अर्ज टाकला.